मटार सोलताना परवचा

बाई,

आज आमच्या घरात मटारच्या एका शेंगेवरून जो काही आरडाओरडा झाला, तो ऐकायला तुम्ही हव्या होतात. खालच्या मजल्यावरच्या आंटी बेल वाजवून विचारायला आल्या, "सब ठीक है ना?" मी दार उघडलं तेव्हा माझ्या हातात अर्धा टोमॅटो, केसांत मटारचं टरफल, आणि मागून माझी मुलगी ओरडतेय, "मम्मी, पान आहे हे, पान!" आंटींना काय सांगणार, कपाळ! सब ठीक है म्हटलं आणि दार लावलं. तुम्हाला जाऊन आता पंचवीस वर्षं तरी झाली. तेवढ्या वर्षांत कधी लिहावंसं वाटलं नाही असं नाही, पण लिहायला बसले की शोकसभेतल्या भाषणाची भाषा यायची, आणि तुम्ही ती पहिल्याच ओळीत लाल शाईनं खोडली असतीत. आज ती भीती नाही. आज मला फक्त सांगायचंय, आणि सांगण्यासारखं दुसरं माणूस माझ्याकडे नाही. बोटांना अजून मटारचा वास येतोय, कुकरच्या शिट्ट्या व्हायच्या आहेत, आणि कोचिंगच्या जुन्या टेस्टपेपरांच्या कोऱ्या बाजूवर मी लिहितेय, कारण घरात दुसरा कागद पटकन सापडेना.

आधी ओळख देते, कारण तुमच्या हाताखालून इतक्या मुली गेल्या. मी ती, रेल्वेतल्या बाबूंची मुलगी, दोन वेण्यांची, दुसऱ्या बाकावरची, तुमचा प्रश्न पुरा व्हायच्या आत हात वर करणारी. आमच्याकडे दिवेलागणीला परवचा असायचा. देवापाशी दिवा लागला की बाबा सतरंजीवर मांडी घालून बसायचे आणि आम्ही पाढे, पावकी, निमकी, तिथ्या, नक्षत्रं, सगळं एका चालीत म्हणायचो. शेजारच्या भाभी म्हणायच्या, "मराठी लोग शाम को हिसाब गाते हैं." अकरावीत बायोलॉजी आली, तशी मी तीही त्याच चालीत बसवून टाकली. फळाच्या पोटात बिया कुठे चिकटलेल्या असतात, त्याचे प्रकार. शाळा इंदूरची, हिंदी माध्यमाची, म्हणून नावंही हिंदी: सीमांत, स्तंभीय, भित्तीय, मुक्तस्तंभीय, आधारी. मग पुढे उदाहरणं. सीमांत मटार, स्तंभीय टोमॅटो, लिंबू, जास्वंद, भित्तीय मोहरी, पिवळा धोत्रा, असं एका दमात शेवटपर्यंत. बाबांना त्यातलं ओ की ठो कळत नव्हतं, पण चाल चुकली नाही की ते खूश होऊन मान डोलवायचे.

आणि मग तुमचा तो टोमॅटो. प्रॅक्टिकलच्या खोलीत, खिडकीशी तुमचं टेबल, डब्याशेजारी अख्खा टोमॅटो. मी नुकतंच सगळं घडाघडा म्हणून दाखवलेलं, शाबासकीची वाट बघत उभी. तुम्ही टोमॅटो आडवा कापलात, अर्धा माझ्या तळहातावर ठेवलात आणि विचारलंत, "हा कोणता?" मी डोळे मिटले, बाई! हातात टोमॅटो आहे आणि मी डोळे मिटून म्हणतेय, "सीमांत मटार, स्तंभीय टोमॅटो..." तुम्ही एरवी वर्गात हिंदी बोलायचात, चिडलात किंवा गंमत आली की मराठी. तेव्हा मराठी आली. "बाबा रेल्वेत आहेत म्हणून तू काय पॅसेंजर गाडी झालीस? सगळी स्टेशनं घेत येतेस ती!" वर्ग खो खो हसला, मराठी न कळणाऱ्या मुलीसुद्धा हसल्या. माझे कान तापले. मग तुम्ही माझं बोट धरून टोमॅटोच्या मधोमध टेकवलंत. तिथे एक जाडसा खांब होता आणि सगळ्या बिया त्या खांबाला लागून होत्या. रोज आईला कोशिंबिरीला टोमॅटो चिरून देणारी मी, मला तो खांब कधी दिसला नव्हता. "तोंडात आहे ते हातात येऊ दे," तुम्ही म्हणालात. तास संपल्यावर मी नाक ओढत उभी होते, तर तुम्ही एक नवं ब्लेड कागदातल्या कागदात मोडून दोन तुकडे केलेत, त्यातला एक काडेपेटीत घालून मला दिलात. बक्षीस म्हणून अर्धं ब्लेड मिळालेली मी त्या शाळेतली एकटीच असेन. मी ते रागानंच घेतलं, आणि घरी जाऊन भेंडी, दोडका, लिंबू, पेरू, जे दिसेल ते कापत सुटले. आई शेवटी म्हणाली, "अगं, भाजीला काही ठेवशील की नाही?"

तुमच्या पदराच्या गाठी आठवतात का तुम्हाला? आम्हाला तर त्यांचाच नाद लागला होता. कुणी प्रश्न विचारला आणि उत्तर ठाऊक नसलं की तुम्ही सरळ म्हणायचात, "मला माहीत नाही. उद्या सांगते." आणि सगळ्या वर्गासमोर पदराच्या टोकाला गाठ मारायचात. बाकीच्या शिक्षिका असल्या प्रश्नाला "सिलेबस में नहीं है" म्हणून गप्प बसवायच्या. तुमच्याकडे गाठ पाडणं हा आमचा मधल्या सुट्टीतला उद्योग झाला होता. मुली घरून प्रश्न शोधून आणायच्या, तुमची गाठ पडली की बाकांखालून एकमेकींना टाळ्या. उत्तर घेऊन आलात की गाठ सोडून दाखवायचात. कधी कधी साडी दुसरी असायची तरी गाठ असायचीच, म्हणजे सकाळी नेसताना तुम्ही ती आठवणीनं पुन्हा मारलेली असणार. हे मला आत्ता लिहिताना पहिल्यांदा सुचलं.

टोमॅटोनंतर मी एकदम दुसऱ्या टोकाला गेले. पाठांतर बंद! परवच्याला बसले तरी ओठ नुसते हलवायचे. आता मी "का" विचारणारी मुलगी झाले होते, भलतीच शहाणी. सहामाहीच्या पेपरात मोहरीच्या शेंगेवर प्रश्न आला. मी पाठ केलेलं काही लिहायचंच नाही असं ठरवून बसलेले. मोहरीची शेंग मी ब्लेडनं कापून बघितली होती, मधे पडदा, दोन कप्पे. मी पानभर विचार करून लिहिलं की मधे पडदा आहे, दोन कप्पे आहेत, तेव्हा टोमॅटोसारखंच मधल्या भागाला बिया असणार, म्हणजे स्तंभीय. चित्रही सुरेख काढलं. तुम्ही शून्य दिलंत. मी तरातरा तुमच्या घरी आले, रामबागेतल्या, रविवारची. तुम्ही स्वयंपाकघरात मक्याचे भुट्टे किसत बसला होतात, परातीत पांढरा कीस, कोपरापर्यंत दुधाळ शिंतोडे. मी पेपर नाचवला, "बाई, मी घोकलं नाही, विचार केला!" तुम्ही किसणी न थांबवता म्हणालात, "केलास. छान केलास. आणि विचार करकरून खड्ड्यात गेलीस." मी म्हटलं, "दोन कप्पे दिसत होते ना!" तुम्ही म्हणालात, "दिसत होते. म्हणून तर त्या पडद्याला नाव दिलंय. काय नाव त्याचं?" मला आठवेना. मी म्हटलं, "तो जो मधला पडदा असतो ना, तो..." "नाव सांग." नाव येईना. तुम्ही मला खाली बसवलंत, एक भुट्टा हातात दिलात, "कीस, आणि म्हण. आभासी पट. आभासी पट." खोटा पडदा, बाई! शेंगेला मुळात एकच कप्पा असतो, हा पडदा नंतर आलेला, आणि बिया भिंतीलाच. म्हणून मोहरी भित्तीय. नाव तोंडात असतं तर मी त्या पडद्याला फसलेच नसते. "नाव पाठ असलं की ते ऐन वेळी हात धरतं," तुम्ही म्हणालात, "आधी हाक मारता येऊ दे, मग गप्पा मार."

आणि मग मी ऐकलं ते. मी किसत होते, तुम्ही कढईपाशी गेलात, आणि मोहरी तडतडायच्या आवाजाखाली तुम्ही काहीतरी पुटपुटत होतात. मला वाटलं स्तोत्र. कान देऊन ऐकलं तर मेंदूतून निघणाऱ्या नसांची नावं, पहिलीपासून बारावीपर्यंत, आणि चाल कुठली? आमच्या घरच्या परवच्याची! मी हसले तर तुम्ही झारा हलवत म्हणालात, "हसतेस काय? रोज म्हणते. गंजायला नको." मग कीस खाऊन, वर जिरावण मसाला टाकून, मी घरी आले.

आता गंमत बघा. मी पुढे एम.एस्सी. केलं, मी शिकत असतानाच तुम्ही गेलात, आणि मी शिकवायला लागले. आज भंवरकुआंला एका कोचिंगमध्ये मी बायोलॉजी शिकवते, मेडिकलच्या एंट्रन्सची मुलं, मोठा हॉल, कॉलरला माइक. आणि दर वर्षी पहिल्या तासाला मी टोमॅटो घेऊन जाते. तुमची गोष्ट सांगते, पॅसेंजर गाडीची, मुलं हसतात, शेवटी टाळ्या पडतात. "रटना मत, समझना," असं मी इतक्या जोरात सांगते की माझं ते वाक्य कुणीतरी कोचिंगच्या भिंतीवर रंगवून ठेवलंय. पण भुट्ट्याच्या किसाची गोष्ट मी एकदाही सांगितली नाही. लपवली नव्हती हो, आठवलीच नाही! टोमॅटोच्या गोष्टीला टाळ्या आहेत. किसाच्या गोष्टीत नुसतं खाली बसून तेच तेच म्हणायचं आहे, तिला टाळ्या कोण वाजवणार? अर्ध्या बाई मी सगळ्या इंदूरला वाटल्या आणि उरलेल्या अर्ध्या तिथेच परातीपाशी ठेवून आले.

माझी मुलगी माझ्या त्या अर्ध्या बाईंवर वाढली. लहानपणापासून तिच्या प्रत्येक "का"ला मी लाडावून ठेवलं. आम्ही विजय नगरला फ्लॅटमध्ये राहतो, परवचा वगैरे काही नाही, दिवेलागणीला टीव्ही. पोरगी हुशार, हृदय कसं चालतं हे तिनं शेजारच्या मुलाला पाण्याच्या बाटल्या आणि नळी घेऊन समजावलं होतं. बायोलॉजीवर तिचा जीव आहे. पण नावं? रामा! "मम्मी, ते जे नसतं का, जे त्याच्या वरती असतं..." गेल्या वर्षी एंट्रन्सला थोडक्यात राहिली. म्हणाली, ड्रॉप घेते, वर्षभर घरी बसून पुन्हा परीक्षा देते. आपणहून फोन माझ्या कपाटात ठेवून दिला, मैत्रिणी सोडल्या, रात्रीच्या सराफ्यातले तळलेले गराडूसुद्धा सोडले. आणि डिसेंबरातल्या एका टेस्टमध्ये तिनं मोहरीचं उत्तर चुकवलं. मी विचारलं, असं कसं गं? तर ती म्हणाली, "दोन खोल्या दिसत होत्या ना!"

बाई! तेच वाक्य, तोच ठसका. आणि पाठोपाठ ती परात, तो कीस, ती किसणी, सगळं धाडकन समोर आलं. पण ती माझ्याकडे बघतच नव्हती, ती रडत होती. "तुझ्या क्लासमध्ये सगळे खुश असतात मम्मी, पण पेपरमध्ये तुझा क्लास नसतो. बाकीचे रट्टा मारून निघून जातात, आणि मी समजत बसते. मला बायोलॉजी आवडते यार, पण बायोलॉजीला मी नाही आवडत." आणि भिंतीवर तर माझंच वाक्य.

दुसऱ्या दिवशीपासून मी परवचा सुरू केला. दिवा लावला, सतरंजी टाकली. ती दारात उभी राहून म्हणाली, "ये क्या, भजन मंडळ?" मी म्हटलं, बस मुकाट्यानं. बसली, पण तोंड एवढंसं. तिला वाटलं, मम्मीनं आपल्याला ढ ठरवलं, आता घोकायलाच बसवतेय. मी म्हटलं, "कचरागाडीचं गाणं तुला पाठ आहे की नाही?" ते तर इंदुरात तान्ह्या पोरालाही पाठ आहे. "कोण बसलं होतं घोकायला? रोज सकाळी दारावर येतं, म्हणून येतं. नावंही तशीच दारावर यायला पाहिजेत." ती नाखुशीनं हसली. नावं तिची इंग्रजी, मार्जिनल, अ‍ॅक्साइल, परायटल, पण चाल बाबांचीच, आणि गंमत म्हणजे नीट बसते हो चालीत. हळूहळू तिला यायला लागलं. पण कसं, तर मी पहिल्यांदा म्हणायचे तसं, डोळे मिटून, पहिल्या स्टेशनापासून. मधूनच विचारलं की गाडी परत यार्डात. नावं आली आणि तिचा "का" गेला. महिनाभर तिनं मला एक प्रश्न विचारला नाही, बाई. मी तिला तिकडून इकडे ओढायला गेले आणि पोरगी मधेच कुठे सांडली कळेना. मग परवा जेवताना म्हणाली, पुण्याच्या एका कॉलेजात बीबीए आहे, मी फॉर्म भरते. भरला की पुस्तकं बांधून माळ्यावर टाकणार, एंट्रन्सला पुन्हा बसणार नाही. रागानं नव्हती म्हणत. अगदी थंडपणे म्हणत होती, आणि मला त्याचीच धास्ती बसली. मी म्हटलं, तुझी इच्छा. दुसरं काय म्हणणार? तिचंच आयुष्य आहे.

आज रविवार, फॉर्मचा शेवटचा दिवस, संध्याकाळी साइट बंद. सकाळी पोहे खाताना तिनं सांगितलं, "मम्मी, दुपारी जेवण झाल्यावर मला फॉर्मची याद दे हां, फोन तुझ्याकडे आहे, मी विसरेन." मी हो म्हटलं. आणि ओढणीच्या टोकाला गाठ मारली. तुमच्यामुळे लागलेली सवय, कुठलीही ओढणी बघा माझी, टोकं चुरगळलेलीच. मुलगी त्यावरून मला चिडवते, तुमच्या गाठींची सगळी गोष्ट तिला ठाऊक आहे.

जेवण झालं, आणि मी मटार काढले. काल भाजीवाला म्हणाला होता, "दीदी, एकदम मीठे हैं, पूरे सीजन के ले जाओ," आणि मी इंदूरकर बाई, मटार म्हटलं की माझं भान सुटतं, पिशवी भरून घेऊन आले. कचोरीचं सारण करायचं होतं. स्वयंपाकघरात खाली पेपर पसरला, ती समोर येऊन बसली, मदत म्हणून नाही, बाहेर पडायच्या आधी माणूस जरा टेकतो ना, तशी. तिचेही हात शेंगा सोलायला लागले, आणि सवयीनं तिचं तोंड चालू झालं, महिन्याभराची सवय. "मार्जिनल मटार, अ‍ॅक्साइल टोमॅटो..." पुन्हा पहिल्यापासून, "मार्जिनल मटार..." आणि थांबली. अंगठा शेंगेत तसाच. मी वर बघितलं नाही, मला वाटलं, पुढचं विसरली. ती म्हणाली, "मम्मी, मार्जिन." मी म्हटलं, हं. "मार्जिन म्हणजे कड." हं. "अगं हं काय! हे बघ ना!" तिनं उघडलेली शेंग माझ्या नाकासमोर धरली. "एक दाणा ह्या कडेला आहे, पुढचा त्या कडेला, मग पुन्हा ह्या. दोन कडा आहेत म्हणजे! दोन कडा जोडल्यात! मधे शीर आहे, मम्मी, मागच्या बाजूला शीर आहे, हे पान आहे! मिटलेलं पान आहे हे, आणि कडांना दाणे लागलेत!"

बाई, हे पुस्तकात आहे, मी शिकवते, फळ्यावर काढून दाखवते, तिलाही दाखवलं होतं. पण तिला आज ते नावातून दिसलं. घोकून घोकून जीव नकोसा झालेल्या त्या एका शब्दानंच तिला शेंगेकडे बघायला लावलं. आणि मग जी पळापळ सुरू झाली! फ्रिज उघडला, टोमॅटो, लिंबू, भेंडी, काकडी, सगळं ओट्यावर. "ब्लेड कुठाय, बाईंचं ब्लेड?" काडेपेटी देवघराच्या खणात होती, उघडली तर ब्लेडचा पार गंजून भुगा झालेला. मग मी ह्यांच्या दाढीच्या डब्यातून नवं ब्लेड काढलं आणि तुम्ही मोडायचात तसंच कागदातल्या कागदात मोडलं, अर्धं तिला, अर्धं मला. टोमॅटो, "खांब!" भेंडी, "खांब, पाच खोल्या!" काकडी, "भिंत, भिंत!" तेव्हाच त्या आंटी आल्या. त्यांना वाटेला लावून परत येते तर ही सरसोंच्या, म्हणजे मोहरीच्याच, भाजीची जुडी उपसतेय. तीत दोन-चार पिवळी फुलं होती आणि एक कोवळी शेंग, दोऱ्याएवढी. तिनं ती श्वास रोखून कापली आणि खिडकीशी नेली. उजेडात धरून इकडून तिकडून बघितली. मग हळूच म्हणाली, "झूठा पडदा. साला, किती खरा दिसतो." मी साला म्हणून ओरडले नाही, खरंच सांगते. मला रडू येत होतं आणि हसूही.

आणि मग तिनं विचारलं. महिन्याभरानं! खाली फतकल मारून, मटारची शेंग पुन्हा हातात घेऊन. "पण मम्मी, दाणे एकाआड एक का? दोन कडांवर समोरासमोर का नाही लागत?" मी तोंड उघडलं, जागा पुरायला असेल म्हणणार होते, आणि मिटलं. कारण तो अंदाज होता, उत्तर नव्हतं. दाणे आपापली बाजू आधीच ठरवून लागतात की वाढताना एकमेकांना ढकलतात, मला खरंच ठाऊक नाही. इतकी वर्षं मटार सोलतेय, शिकवतेय, मनातही आलं नाही. माइक लावून हॉलभर मुलांपुढे मी कधी हे म्हटलं नसेन, पण आज स्वयंपाकघरात म्हटलं, "मला माहीत नाही. उद्या सांगते."

तिचे डोळे असे चमकले! ती थेट माझ्या ओढणीकडे झेपावली, "गाठ, गाठ मार!" टोक हातात घेतलं आणि म्हणाली, "अरे! मारली पण? कधी?" मी म्हटलं, "आत्ताच." ती इतकी खूश झाली, बाई. आपल्या प्रश्नानं मम्मीची गाठ पाडली म्हणून. तुमच्या वर्गातल्या आम्ही व्हायचो तशी.

त्यानंतर दिवा लागला, सतरंजी तिनंच टाकली. आत्ता ती आतल्या खोलीत म्हणतेय, मला ऐकू येतंय, आणि ती पहिल्यापासून म्हणत नाहीये. मधूनच सुरू करते, थांबते, काहीतरी पुटपुटते, उलटी जाते, पुन्हा चाल पकडते. एंट्रन्सला काय होईल मला ठाऊक नाही. पुन्हा राहूही शकते, मी असल्या बाबतीत छातीठोकपणे बोलणारी बाई नाही, रोज शंभर पोरं बघते. पण आज ती दोन्ही हातांनी धरून होती, नाव एका हातात आणि शेंग एका हातात. उद्या मी वर्गात पुन्हा टोमॅटो नेणार आहे, आणि त्याच्याबरोबर भुट्टेही. थंडीत कुठे मिळतील बघते, नाही मिळाले तर नुसती किसणी नेईन. आणि भिंतीवरचं ते माझं वाक्य पुसायला सांगणार आहे, नाहीतर खाली आणखी एक ओळ रंगवा म्हणेन.

हे पत्र कुठे टाकणार, टेस्टपेपरांच्या गठ्ठ्यातच परत जाईल. पण एक गोष्ट तुम्हाला सांगितल्याशिवाय उठता येईना. साइट बंद होऊन आता तास झाला. फॉर्म राहिला. तिला अजून लक्षात नाही, उद्या आंघोळ करताना नाहीतर चहा पिताना येईल, आणि ती ओरडत येईल, "मम्मी, तू याद का नाही दिलीस?" तेव्हा काय म्हणायचं ते मी पाठ करून ठेवलंय: अगं, मटारच्या नादात माझ्या डोक्यातून पार गेलं बघ. खरं वाटेल तिला, मटारच्या बाबतीत माझी ख्यातीच तशी आहे. तिनं फ्रिज उघडला तेव्हा वरचं घड्याळ माझ्या समोरच होतं. पेपरावर बसले तेव्हा गाठ बोटांना लागत होती, सोलताना मी ती दोनदा मांडीखाली सारली. मी विसरले नव्हते, बाई.